गरिबीचा दाखला

श्री
पुणे, ता. ६ ऑगस्ट १९३४

तीर्थरूप आबांच्या चरणी गिरधरचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

मी खुशाल आहे. खानावळीतली डाळ बघून मायची रोज आठवण येते, एवढेच.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. कपाशीचा भाव पडल्यापासून तुम्ही मला पैसे कसे पाठवता ते मला कळते. पुढच्या सत्राची फी भरली नाही तर दिवाळीनंतर माझे नाव कापतील. आमच्या प्रोफेसरांनी मुंबईच्या एका फंडाचा पत्ता दिला आहे. हा फंड शेतकऱ्यांच्या मुलांना स्कॉलरशिप देतो. फी आणि खानावळ दोन्ही सुटतील. सोबत अर्ज पाठवतो. आपली परिस्थिती गरिबीची आहे अशा दाखल्याखाली तुमची सही हवी आणि पंच म्हणून पंचक्रोशीतल्या दोन जाणत्या माणसांची. मग फंडवाले चौकशी करून निकाल कळवतील. अर्जावर खाडाखोड चालत नाही, कृपा करून लक्षात ठेवावे.

मायला नमस्कार, जसोदाला आशीर्वाद. मुलावरची माया अशीच राहू द्यावी.

आपला आज्ञाधारक
गिरधर

श्री
सारंगखेडे, ता. १४ ऑगस्ट १९३४

चि. गिरधर यास मोतीलालचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा कागद तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा मला शंका आली. फुकट पैसे वाटणारा हा शेठ आहे तरी कोण? त्याला लग्नाची मुलगी आहे का ते आधी विचार. का पुढेमागे माझ्या शेतावर डोळा ठेवून बसला आहे? बाप कोण, आजा कोण, जमीन किती, बैल किती, अरे बाबा, एवढे तर सोयरीक जुळवताना कोणी विचारत नाही!

सोयरिकीवरून सांगतो. जसोदाची हळद माघात धरली आहे. तिचे होणारे सासरे, तापीपलीकडचे उखा पाटील, म्हणजे तालेवार माणूस. मी गरीब आहे म्हणून इथे दोन पंचांनी सही केली, की संध्याकाळच्या नावेने ती बातमी पलीकडे गेलीच म्हणून समज. पोरीचे जमलेले लग्न मी कागदाच्या चिटोऱ्यापायी मोडू का? म्हणून पंचांना काही विचारले नाही. माझी एकट्याची सही केली आहे, आणि गरीब हा शब्द खोडून मध्यम असे लिहिले आहे. त्यात खोटे काही नाही.

तुझी माय विचारते, पोऱ्या पोटभर जेवी ऱ्हायना का नही. उलट टपाली कळव. मायबापांचा जीव तुझ्यात आहे, विसरू नये.

मोतीलाल

श्री
सारंगखेडे, ता. २० सप्टेंबर १९३४

चि. गिरधर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा बाप काय चीज आहे ते आज ऐक. परवा सकाळी काळी टोपी आणि छत्रीवाला एक परका माणूस नावेतून उतरला आणि चावडीवर आपले घर विचारू लागला. माझा दोस्त नथ्थू तिथेच बसला होता, त्याने धावत येऊन मला सांगितले. मी म्हटले, आला! उखा पाटलाने आपले घर बघायला माणूस धाडला. चहाच्या निमित्ताने नथ्थूने त्याला तासभर चावडीवर अडकवून ठेवले. तेवढ्यात नथ्थूचीच घोडी मी आपल्या दारी बांधली. शेजारच्या भिकुबाईची पितळेची सगळी भांडी आपल्या फळीवर मांडली. शिऱ्याला तूपही तिच्याच घरचे.

पाहुणा आला तो म्हणे, गिरधरची चौकशी करायला आलो आहे. बघ कसा बेरकी! पोरीचे घर बघायला यायचे आणि नाव पोराचे पुढे करायचे. मी काही बधलो नाही. बैल किती विचारले तर म्हटले, गोठ्यात मावत नाहीत म्हणून मळ्यात बांधतो. त्याने सगळे वहीत लिहून घेतले. दोन वेळा शिरा घेतला आणि खूश होऊन गेला. आता लग्नाची काळजी मिटली.

तब्येतीस जपावे आणि आम्हांस आठवावे.

मोतीलाल

ता. क. दादा, आबा पाकीट चिकटवायला देऊन बाहेर गेले म्हणून लिहिते. मला तो माणूस उखा पाटलांचा वाटला नाही. त्याने माझ्याकडे एकदाही बघितले नाही, पण तुझी जुनी पुस्तके मात्र उघडून बघितली. जसोदा.

श्री
पुणे, ता. ८ ऑक्टोबर १९३४

तीर्थरूप आबांना गिरधरचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तो माणूस फंडाचा होता. पंचांच्या सह्या नव्हत्या आणि वर खाडाखोड होती म्हणून फंडाच्या नंदुरबारच्या वकिलांनी आपल्या कारकुनाला पाठवले होते. आज फंडाचा नकार आला. दारी उमदी घोडी, घरात पितळेची भांडी, बैलांची मोजदाद नाही, सबब अर्जदारास मदतीची गरज दिसत नाही, असे त्यात लिहिले आहे.

आबा, वाचून आधी मी हसलो आणि मग खोलीचे दार लावून रडलो. तुमच्यावर रागावलो होतो, खोटे कशाला सांगू! पण जसोदाचे लग्न आधी, हे मलाही कबूल आहे. दिवाळीला येईन तो सामान घेऊनच येईन. नवापूरच्या शाळेत मास्तराची जागा आहे म्हणतात.

आहे तो लोभ कमी करू नये.

गिरधर

श्री
सारंगखेडे, ता. २१ ऑक्टोबर १९३४

चि. गिरधर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

सामान बांधू नकोस. बांधले असशील तर सोड.

तुझे पत्र मी वाचले, जसोदानेही वाचले. दोन दिवस मला अन्न गोड लागले नाही. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, आपण गरीब आहोत एवढ्याशा गोष्टीवरून सोयरीक मोडणारे घर असेल तर ते आत्ताच कळलेले बरे. पोरगी असे बोलली आणि मला माझी लाज वाटली. तडक नंदुरबार गाठले. वकिलांपुढे हात जोडून घोडी कोणाची, भांडी कोणाची, सगळे सांगितले. ते आधी चिडले, मग पोट धरून हसले. म्हणाले, खरी हकीकत लिहून त्यावर दोन पंचांच्या सह्या आणा, मी स्वतः फंडाला लिहितो. तुझे मार्क त्यांनी पाहिले आहेत.

एक सही नथ्थूची घेतली. दुसरीसाठी मनाशी म्हटले, जे कानोकानी कळणार ते तोंडानेच सांगू, आणि सरळ उखा पाटलाच्या दारी गेलो. मी गरीब आहे, असे आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटले. त्याने कागद सावकाश वाचला, घरातल्यांना बाहेर जायला सांगितले आणि दार लावून घेतले. मला वाटले, संपले.

त्याने सही केली. मग खाली बघत हळूच विचारले, हा फंड आणखी एका मुलाला देईल का? त्याचा धाकटा मॅट्रिक होऊन वर्षभर घरी बसला आहे. कॉलेजला पाठवायला पैसे नाहीत, आणि इतके दिवस त्याने कोणाकडे तोंड उघडले नाही. का, तर ते माझ्या कानी जाईल म्हणून!



तर बाळा, एक कोरा अर्ज लवकर पाठव. पाकिटावर नाव माझेच घाल. मी स्वतः नावेने नेऊन देईन, आणि पंच म्हणून पहिली सही मी करीन.

मोतीलाल