डबल बेल

रविवार, ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक आहे. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो परवा दुरुस्त करून घेतला. बाबांचं जेवणखाण व्यवस्थित आहे. आज सकाळी मी त्यांना बागेत नेलं होतं.

हो, नेलं होतं. 'त्यांना घराबाहेर काढू नकोस' हे तुझं फर्मान मला फोनवर नीट ऐकू आलं होतं.

बागेच्या मागच्या अंगाला झाडीतून एक पायवाट काढली आहे. सुरुवातीलाच पाटी आहे : 'सोपी वाट. सहकुटुंब या.' सपाट जमीन, एका बाजूला लाकडी कठडा, मधे मधे आकडे घातलेले खांब आणि खांबावर समोरच्या झाडाची माहिती. पहिला खांब पाहिला आणि बाबांचा चेहराच बदलला. तू म्हणतोस, त्यांना आता काही कळत नाही. स्टॉप कळतो, दादा. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस आहे तो.

मग काय, प्रत्येक खांबाला गाडी थांबली. 'उतरणारे आधी!' मागून एक जोडपं बाबागाडी ढकलत येत होतं, त्यांना हात करून म्हणाले, 'या, या, जागा आहे.' मला म्हणाले, 'बाई, दारात उभ्या राहू नका, पुढे सरका.' मी सरकले. ते जोडपं येऊन पोचल्यावरच त्यांनी कठड्यावर दोनदा टकटक केली. डबल बेल. झाडं मात्र कुणीच पाहिली नाहीत.

वाट खरंच छान आहे. सावली आहे, बाकं आहेत.

बरं, दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळू दे. मी चपलेचा पट्टा लावायला वाकले आणि मान वर केली तर बाबा नव्हते. धावत वळणापलीकडे गेले. ते तळ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या दिशेने ताडताड चालले होते. 'बाबा! बाबा!' मी ओरडत राहिले, ते थांबेनात. थांबतील कसे? आपण कुणाचे बाबा आहोत, हेच त्यांना तेव्हा आठवत नव्हतं. मग मी कठड्यावर एकच टोला हाणला, जोरात. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. लहानपणी आपण पलंगावर बसून हेच खेळायचो ना! बाबा जागच्या जागी थांबले आणि वळून खेकसले, 'बेल कंडक्टरने द्यायची, पॅसेंजरने नाही!'

मला हसू आवरेना. जवळ गेले तर विचारतात, 'सगळे चढले?'

'चढले. सोडा गाडी.'

ते हलेनात. मागे बघत राहिले. 'आमचा थोरला राहिलाय. पुढच्या खिडकीशी बसतो. त्याला घेतल्याशिवाय नाही.'

मी समोर उभी, मी कोण ते ठाऊक नाही, आणि वाट कुणाची बघतायत, तर तुझी. राग आला मला, खोटं कशाला बोलू?

तू त्या संस्थेत बाबांसाठी खोली ठरवून ठेवली आहेस. दाराला बाहेरून कडी असते, म्हणजे काळजी नाही, असं म्हणालास. हे वाचून म्हणशील, 'बघ, मी सांगत होतो.' खुशाल म्हण. आणि मग ती खोली रद्द कर. मी त्यांची बॅग भरणार नाही. गाडी पाठवलीस तर रिकामी परत येईल. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा त्याच वाटेने जाणार. फक्त चपला बिनपट्ट्याच्या घालीन.

तुला यायचं तर ये. भांडायला ये हवं तर, पण तिथे ये. आम्ही पहिल्या खांबाशी उभे असू. तू आलास तर बाबा डबल बेल देतील. नाही आलास तर मी देईन, पॅसेंजर असले तरी.

आता तसूभरही न सरकणारी,
तुझी धाकटी बहीण