पत्नीचे अर्धे राहिलेले पुस्तक

प्रति,
मा. ग्रंथपाल,
देवघेव विभाग, सार्वजनिक ग्रंथालय

विषय : अर्जदाराच्याच आग्रहामुळे पुसल्या गेलेल्या नोंदीअभावी, पत्नीचे अर्धवट राहिलेले पुस्तक शोधण्यास साहाय्य मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. तिन्हींतील मागणी याच्या बरोबर उलट होती.

महोदया,

हातातले कागद क्षणभर बाजूला सारून जरा जवळ यावे. अर्ज लहान आहे, हकीकत मोठी आहे, आणि तिच्यातला मूर्ख कोण हे शोधायला आपणास कष्ट पडणार नाहीत.

१. अर्जदार निवृत्त टंकलेखक असून त्यास उतारवयात दोन नाद लागले : कीर्तन आणि लिनक्स ही संगणकाची मुक्त प्रणाली. दोन्हीकडे जे आहे ते उघड्यावर मांडलेले असते. हवे त्याने न्यावे, आपल्या परीने वाढवावे आणि पुढच्याला द्यावे. उलट ज्या प्रणालीचे पोट उघडून पाहता येत नाही, ती पोटात आपले काय काय साठवते हे कोण सांगणार? देवालाही आपल्या मनातले सगळे कळते, परंतु तो ते कोणास विकत नाही, असे अर्जदाराने आपल्या टेबलापुढे उभे राहून मोठ्याने सांगितले होते. त्या वेळी वाचनकक्षातील एक गृहस्थ उठून गेले.

२. ग्रंथालयाने मुक्त प्रणाली स्वीकारली. पुस्तक परत येताच वाचकाचे नाव कायमचे पुसले जावे, ही अर्जदाराची मागणी आपण कंटाळून का होईना, मान्य केली. संगणकातील नोंदींच्या राखीव प्रतीत नाव उरते हे त्याने हुडकून काढले व दुसरा अर्ज केला. तिसरा कशासाठी होता, हे आता सांगण्याची लाज वाटते. मागणी मात्र योग्य होती व आहे. कोण काय वाचतो, हे कोणी टिपून ठेवू नये.

३. गेल्या महिन्यात अर्जदाराच्या पत्नीस अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, लिहिता उजवा हातही गेला; कान व बुद्धी शाबूत आहेत. उशाशी ग्रंथालयाचे पुस्तक होते. मुदत संपू नये एवढेच त्या गडबडीत अर्जदाराच्या डोक्यात राहिले. त्याने ते वर्तमानपत्रात गुंडाळून परतपेटीत टाकले. दुसऱ्याचे वाचन आपण पाहू नये, या तत्त्वापायी त्याने मुखपृष्ठाकडे नजरही टाकली नाही.

४. शुद्धीवर येताच पत्नीने डावा हात उशाशी चाचपला आणि पान उलटल्यासारखे केले. सून म्हणाली, "बाबा, आईंना त्यांचं पुस्तक हवंय. कुठलं होतं?" अर्जदार म्हणाला, "असं विचारणं बरं नव्हे." सुनेने नुसते पाहिले, आणि तेवढे पुरेसे होते.

डॉक्टर म्हणतात, ऐकायची ओढ टिकली तर शब्द परत येण्याची आशा आहे. म्हणून अर्जदार रोज अंदाजाने एक पुस्तक नेतो. पत्नी पहिल्या पानावरच ते मिटते. एकदा हाताशी काही नसल्याने लिनक्सची मार्गदर्शिका वाचून दाखवली, तेव्हा तिने भिंतीकडे तोंड फिरवले.

बरी असताना ती एकदा म्हणाली होती, "अहो, मी काय वाचते ते जगाला कळू नये, हे ठीक. पण तुम्ही तरी कधी विचारलंत का?" हा तुझा खासगी प्रश्न आहे, असे उत्तर अर्जदाराने दिले व दिवसभर स्वतःवर खूश राहिला.

५. नोंद परत मिळावी असे म्हणणे नाही. ती नाहीच, हे अर्जदाराने स्वतः तपासले आहे. काम इतके चोख आहे की शाबासकी द्यावी की कपाळ बडवावे, कळत नाही. नियमही बदलू नये. परंतु माणसांनी मनात काय ठेवावे याबद्दल अर्जदाराने आजवर एकही अर्ज केलेला नाही. कपाटांच्या मध्ये उभ्यानेच पहिले पान वाचणारी, शांतता पाळावयाच्या खोलीत खुदकन हसून मग सगळ्यांची माफी मागणारी, आणि पुस्तक नेताना आपणास दर वेळी "यात शेवटी कुणी मरत नाही ना?" असे विचारणारी, ती अर्जदाराची पत्नी. शेवटच्या खेपेस ती काय घेऊन गेली, ते आठवून पाहावे. पुस्तक नाही आठवले, तरी तिला आठवावे, ही विनंती.

आपला नम्र,
(सही)
अर्जदार

दि. १४ जुलै

सोबत : पत्नीचे छायाचित्र, एक. डोळ्यांनीच पाहावे, संगणकावर घेऊ नये.