नेहाला काय हवंय

अब्बासिया, कुवेत
ता. ६ नोव्हेंबर २०२४

चि. समिधास मालनआजीचे अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नको, कोणी मेलेलं नाही. फोनवर बोलायची सोय नाही, दोन खोल्यांत तुझा भाऊ तोंडासमोर असतो. म्हणून कागदावर लिहिते. वरच्या मजल्यावरची ताहिरा मोबाईलवर फोटो काढून तुला धाडील. ती नेहाच्या माहेरगावची, हर्णैची. वाचेल तर वाचू दे.

तुझा दत्तप्रसाद बायकोला मारतो. लिहिलं एकदाचं. मी बाळंतपणाला आले तेव्हा नेहाच्या दंडावर वळ होता, तर म्हणाली कपाटाचं दार लागलं. या घरातलं कपाट सरकत्या दाराचं आहे गो. परवा माझ्यादेखत मारलं. काय तर फोन लगेच उचलला नाही. फोन मी चार्जिंगला लावलेला, आणि पोर तिच्या पदराखाली पीत होती. मी झारा घेऊन मध्ये पडले तर मला म्हणतो, आजी, तू यात पडू नकोस. दिवसभर शुवैखच्या गॅरेजात साहेबापुढे मान खाली आणि घरात ही मर्दुमकी.

तू तिकडे ऑस्ट्रेलियात परक्यांची मोडलेली घरं सावरतेस, त्याचा पगार घेतेस. आपल्या घराचं काय? नेहाला मी दहादा विचारलं, तर भिंतीकडे बघते. तिचे केस मी धुते, तिचं पोर मी न्हाऊ घालते, आणि मला तोंड उघडून सांगत नाही. काय करायचं ते कळव. शहाणपण नको, उपाय हवा.

तुझी खवळलेली
मालनआजी

अ‍ॅलिस स्प्रिंग्ज
ता. ७ नोव्हेंबर

ती. मालनआजीस समिधाचा शि. सा. न. वि. वि.

मी दादाला तिथल्या तिथे फोन लावत होते. आंटी मारियाने हातातून काढून घेतला. ती आमच्या केंद्रातली वडीलधारी, इथल्या मूळच्या अ‍ॅबोरिजिनल लोकांतली. तिने विचारलं, तुझ्या फोननंतर मार कोण खाणार?

आजी, शिव्या दे हवं तर, पण नेहा तुला का सांगेल? तू दादाची आजी. इथल्या बाया मलाही सांगत नाहीत. सरकारी माणसं मदतीच्या नावाने आली आणि यांच्या आज्यांची मुलं उचलून घेऊन गेली. आता मी गळ्यात ओळखपत्र घालून दारात उभी राहिले, तर त्यांनी माझ्यावर विसंबावं कशाला? पहिले कित्येक महिने मी आंटीबरोबर अंगणात नुसती चहा पीत बसायचे. मी भरवशाची आहे की नाही, हे त्या ठरवतात.

तेव्हा तू विचारू नकोस. दादा कामावर असताना ताहिराला विचारू दे. नेहाला काय हवंय, एवढंच. उत्तर आवडलं नाही तरी तसंच करायचं. जिवावर बेतलं तर मात्र पोलीस बोलवा, माझा भाऊ म्हणून थांबू नका.

तुझ्या मायेची आणि रागाचीही हक्कदार
समिधा

अब्बासिया
ता. १५ नोव्हेंबर

चि. समिधास अ. उ. आ.

तुझं पत्र ताहिराने वाचून दाखवलं तेव्हा तिचा चहा अर्धा टाकून मी उठले. म्हणजे मी मारणाऱ्याच्या बाजूची?

तरी केलं. पोरीला घेऊन खाली वाण्याकडे गेले आणि ताहिरा नेहाजवळ बसली. परत आले तर दोघी हसत होत्या, कुठल्याशा सुक्या बांगड्यावरून. नेहाला हसता येतं हे मला तेव्हा कळलं, आणि राग आणखीच चढला.

तिला गावी जायचं नाही. पोलीस आत्ता नकोत. घर ती कामाला आहे त्या क्लिनिकने तिला दिलेलं, तेव्हा घराबाहेर त्याने जावं. आणि मी आपली तिला कुठल्या विमानात बसवायचं याचाच विचार करत होते. ताहिराचा नवरा अशरफ आणि इमारतीतले आणखी दोघे दारात उभे राहिले. बॅग मी भरली, इस्त्रीचे शर्ट बोळे करून कोंबले. तो आता शुवैखला सड्याफटिंगांच्या खोलीत आहे. कुलूप बदललं.

या म्हातारीवर लोभ ठेव, तिचा सध्या तुझ्यावर नसला तरी
मालनआजी

अ‍ॅलिस स्प्रिंग्ज
ता. १७ नोव्हेंबर

ती. मालनआजीस शि. सा. न. वि. वि.

दादाचा फोन आला होता, खूप रडला. तुझ्याकडेही येऊन रडेल. आंटी म्हणते, रडणारेही मारतात. दार उघडू नकोस.

तुझीच
समिधा

अब्बासिया
ता. २८ नोव्हेंबर

चि. समिधास अ. उ. आ.

तुझं ते वाचलेलं असूनही मी दार उघडलं. बाहेरून म्हणाला, आजी, तुझ्या गुडघ्याचं तेल आणलंय, देतो आणि जातो. तेल दिलं, पाणी प्यायला, पोरीचा मुका घेतला, आणि नेहाच्या गालावर पाची बोटं उठवून गेला. तेलाची बाटली मी कचऱ्यात टाकली. त्याने काय होणार.

या वेळी नेहाने स्वतः पोलीस बोलावले. त्यांच्यातल्या एकाला हिंदी येत होतं, त्याच्यापुढे मी पाहिलं ते सगळं सांगितलं. नातवाचं नाव घेताना जीभ अडखळली नाही.

मग ताहिराने तिला पुन्हा विचारलं, आता काय हवंय. नेहा पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. म्हणाली, "आजी, तुम्ही घरी जा. तुम्ही असलात की तो येतो, आणि तुम्ही दार उघडता."

तिला काय काय ऐकवावं असं मनात आलं. एवढी धुणी, एवढी जागरणं, आणि मलाच बाहेर. पण विचारलं आम्हीच. उत्तर माझ्या सोयीचं येईल असं तिने कुठे कबूल केलं होतं?

मंगळवारच्या विमानाने कुडाळला निघते. पोरीला न्हाऊ घालायला ताहिरा येईल. ती पाणी फार कढत घेते. मी तसं बोलले तर नेहा म्हणाली, चालेल. चालेल तर चालेल.

राग गेलेला नाही. तुझ्यावरचा जाईल, नेहावरचा जाईल बहुतेक, त्याच्यावरचा माझ्याबरोबरच जाईल.

काल नेहाला विचारलं, गावाहून तुला पत्र लिहिलं तर चालेल का. विचार करून सांगते म्हणाली. थांबलेय.

तू तरी लिहीत जा, माया आटू देऊ नको.
मालनआजी