‘व्हय म्हाराजा’साठी सोडलेली जागा

१० ऑगस्ट, रविवार
नवी गाडी आली. आईने हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आत बसली आणि पहिलाच प्रश्न: “कॅसेट खंय घालूची?” बघतो तर फटच नाही. नुसती काच. पेनड्राइव्ह नाहीतर फोन, बाकी काही चालत नाही.
आणि मग आठवलं. बाबांच्या आवाजाची कॅसेट जुन्या गाडीच्या टेपमध्येच! बाहेर येत नव्हती म्हणून कित्येक वर्षं आतच असायची, थोडी खरखरायची, वाजायची मात्र झकास. गाडी विकताना स्टेपनी आठवली, छत्री आठवली. बाबांना विसरलो. माझ्यासारखा महामूर्ख मीच.

११ ऑगस्ट
सईला एवढं कळेना, आजी एका कॅसेटसाठी जेवली का नाही. मग सगळं सांगितलं. गिरण्यांच्या संपाच्या वर्षी आम्हाला गावी पाठवून बाबा एकटे परळला, मिलच्या गेटवर. गणपतीला येणं जमेना. देवापुढचं गाऱ्हाणं, म्हणजे घराच्या वतीने मोठ्याने घातलेलं साकडं, तर दरवर्षी त्यांनीच घालायचं. मग शेजाऱ्याच्या टेपवर बोलले आणि गावच्या माणसाबरोबर कॅसेट धाडली. आम्ही गणपतीपुढे टेप ठेवून ‘व्हय म्हाराजा’ म्हणालो. मी दहा वर्षांचा, सगळ्यात मोठा आवाज माझा.
बाबांनंतर काका घालायचे. शिमग्यात त्यांना झटका आला, वाचा गेली. यंदा कोण? आईचं ठरलंय. “ह्यांचाच लावया. नायतर मी येवचंय नाय.”
सई माझीच मुलगी, चूक कोणाची ते तोंडावर बोलली नाही.

१३ ऑगस्ट
ऑफिसला दांडी. गाडी सापडली, वरळी कोळीवाड्यात. मालकीण हेमाताई, मागच्या सीटवर माशांच्या पाट्या. टेप चालू करून दाखवला. बाबा बोलत होते! मी बोनेटला टेकून उभा राहिलो.
“तुमचा बापूस काय तो? आमी पन पहाटे धक्क्यावर जाताना बोलतो, व्हय म्हाराजा. मासली चांगली मिळते हो.”
टेपसकट घेऊन जा म्हणाली. अट एकच, दुसरा बसवून द्यायचा. गाण्यांशिवाय तिचं चालत नाही.

१६ ऑगस्ट
लालबागचे रफीकभाई. गाड्यांची वायरिंग करतात. अख्खा टेप काढून टेबलावर बॅटरीला जोडला, तिथून वायर सईच्या लॅपटॉपला. “साब, फीता कच्चा है. एक बार बजेगा. दूसरी बार का भरोसा नहीं.”
अकरा मिनिटं तिघांपैकी कोणी हललं नाही. गाऱ्हाणं पूर्ण झालं, मग फीत तुटली. रफीकभाई म्हणाले, “मुबारक हो.” निघताना तिघांना लस्सी. आईला फोन केला तर म्हणाली, देवाक काळजी. मला वाटतं श्रेय थोडं रफीकभाईंचंही आहे.

१७ ऑगस्ट, रविवार
पेनड्राइव्ह लावून आईला हिंदमातापर्यंत फेरी. आवाज कसला स्वच्छ! आई सावरून बसली, तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं, परत मिटलं.
“हे थांबणत नाय कित्या? माका व्हय म्हणाक देणत नाय.”
प्रत्येक वाक्यापुढे बाबांनी आमच्यासाठी जागा सोडली होती. सईने ती रिकामी म्हणून छाटून टाकली. अकराची सात मिनिटं झाली. मूळ फाइल? “उडवली ना बाबा, जागा खात होती.” सई रडली, मी ओरडलो, आई घरी येईस्तोवर खिडकीबाहेर बघत होती.

१८ ऑगस्ट
सापडली! सईने शनिवारीच मूळ फाइल मला पाठवली होती, तिच्याही लक्षात नव्हतं. मी कोणाचे मेसेज उघडतच नाही, घरात त्यावरून रोज बोलणी खातो. आज जेवणाच्या सुट्टीत उघडला. पूर्ण अकरा मिनिटं, जागांसकट. ऑफिसच्या जिन्यात बसून ऐकलं आणि ढसाढसा रडलो. शिपाई विचारतो, घरी सगळं ठीक? म्हटलं, एकदम ठीक.
सईला फोन करून माफी मागितली. चार पेनड्राइव्ह घेतले.

२६ ऑगस्ट, दुपार, गावी
गावच्या सीमेवरच्या वडाखाली नेहमीसारखी गाडी थांबवली. लावलं. आई, सई, मी, तिघांनी प्रत्येक जागेत ‘व्हय म्हाराजा’. किती हलकं वाटलं! मग बाबांची ती ओळ आली: “संपाच्या पायी माका गावाक येवक गावला नाय, तां गोड मानून घे रे म्हाराजा...” इथे आई काहीच म्हणाली नाही. संपल्यावर म्हणाली, “उद्या ह्या नको. तू घाल.”
म्हटलं, एवढा आटापिटा केला तो कशाला?
“माका आयकाचा होता, आयकलंय. पण देवाक काय, परत संपाचाच सांगतलंस? संप मिटलो म्हणान तेका अजून कोणी सांगूकच नाय.”
मला येत नाही म्हणालो. तर म्हणे बाबांनाही त्या वर्षीचं पाठ नव्हतं, कागदावर लिहून बोलले. “ती खरखर आयकलंस? तो कागद.” इतकी वर्षं मी टेपलाच दोष देत होतो.
पडवीत कागद घेऊन बसलोय. पहिली ओळ झाली: ‘बा गणपती म्हाराजा, बाबांच्या जागेर आज मी उभो असय.’ पुढे जागा सोडली. दुसऱ्या ओळीत संप मिटला असं लिहू का? बाबांनी तसं शेवटपर्यंत कधी म्हटलं नव्हतं.