सर स्वयंपाकघरात असतात

बुधवार, १२ नोव्हेंबर

गेले होते चपलांचा स्टँड आणायला. घेऊन आले व्हायोलिन!

जुन्या सामानाच्या दुकानात एका आरामखुर्चीत टेकवून ठेवलं होतं, कुणी पाहुणा येऊन बसावा तसं. दुकानदार म्हणाला, "वाजतं का ते माहीत नाही बाई, पण दिसतं छान." मी तारेला हळूच नख लावलं. बारीकसा आवाज आला आणि माझ्या पोटात कुठेतरी जाऊन थांबला. झालं! स्टँडचं नावही आठवलं नाही मग.

ह्यांनी पेटी उघडून बघितली. "अगं, यात चपला कुठे ठेवायच्या?" लेक फोनवर इतकी हसली की तिला ठसका लागला. "आई, एक्कावन्नाव्या वर्षी? शिंगं मोडून वासरांत?"

हसा, हसा. मला एक धून वाजवायची आहे. एकच. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, मध्ये न थांबता. आजवर जे जे हौसेनं धरलं — पोहणं, चित्रं, मध्येच ते भरतकाम — सगळं अर्ध्यावर सुटलं. कधी कुणाचं आजारपण, कधी कुणाची परीक्षा. कुणाला दोष नाही देत. पण हे नाही सोडायचं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मी कामाला आहे त्या चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासणाऱ्या बाईनं व्हायोलिन आणलंय हे बघायला सगळे जमले. मालकांनी उलटं धरलं. "गिटारचं पिल्लू दिसतंय."

येताना लाँड्रीवरच्या मजल्याची पाटी बघितली — "व्हायोलिन शिकवले जाईल." वर्षानुवर्षं त्या पाटीखालून जाते आहे. रंग पार उडालाय. पेटी हातात होतीच. चढले जिना, दाबली बेल. सत्तरीच्या गृहस्थांनी दार उघडलं. हातात उलथनं!

"शिकवता ना?"

माझ्या हातातल्या पेटीकडे इतका वेळ बघत राहिले, मला वाटलं ऐकूच गेलं नाही. मग म्हणाले, "बुधवारी या. संध्याकाळी."

बुधवार, १९ नोव्हेंबर

पहिला धडा!

खोली लहान, पण उजेड सुंदर. खिडकीतून तिरपं ऊन येतं, खालच्या इस्त्रीची ऊबदार वाफ येते. एक उंच स्टूल. एक आरसा. सरांनी मला मधोमध उभं केलं, व्हायोलिन हनुवटीखाली, उजव्या हातात गज. म्हणाले, "डाव्या हाताची बोटं अजून लावायची नाहीत. मोकळ्या तारा. गज वर, गज खाली. ओढायचा नाही, सोडायचा."

आणि चक्क स्वयंपाकघरात निघून गेले!

मी उभी. काय करणार? लावला गज. देवा रे! दाराची बिजागरी बरी. आतून कांदा परतल्याचा चुर्र आवाज आला आणि पाठोपाठ सरांचा — "मनगट!"

भिंतीपलीकडून माझं मनगट दिसलं कसं? खरंच पडलं होतं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

हनुवटीखाली लाल वळ. हे म्हणाले, "चपला परवडल्या असत्या."

बुधवार, ३ डिसेंबर

अजून मोकळ्या तारा. मी म्हटलं, "सर, या तारा जुन्या आहेत, म्हणून असा आवाज येतो." आतून उत्तर — "नाचता येईना अंगण वाकडं!" आणि वर कुकरची शिट्टी.

बोटं कधी लावायची विचारलं तर, "आधी सूर लागू दे." फी विचारली तरी तेच. वाजवून दाखवा म्हटलं तर, "नाही. नक्कल लागते. एकदा लागली की सुटत नाही."

किती कडक शिस्त! मी दुकानात सगळ्यांना सांगत सुटले — आमचे सर जुन्या वळणाचे, पाया पक्का झाल्याशिवाय पुढे जात नाहीत.

मंगळवार, १६ डिसेंबर

आजकाल सगळंच ऐकू येतं. म्हणजे आधीही येत होतं, पण आता थांबून ऐकावंसं वाटतं. काच घासायचं यंत्र सुरू केलं की पाणी शिंपडतं, चाक गुणगुणायला लागतं आणि त्या धारेवर काच धरून मी कुठल्या कुठे असते. पांढरं पाणी हातावरून वाहतं. वाटतं, आपणच एक लांब तार आहोत, एक टोक दुकानात, दुसरं कुठे बांधलंय माहीत नाही.

आज त्या गुणगुणण्यात काहीतरी खरखरलं. मालकांना म्हटलं, "यंत्र बेसूर झालंय." ते हसले. दुपारी यंत्र बंद! मेकॅनिकनं उघडलं, आतलं बेअरिंग गेलेलं. आता मालक प्रत्येक गोष्टीला म्हणतात, "आधी बाईंच्या कानाला विचारा."

बुधवार, ७ जानेवारी

बोटं लावली!! पहिलं बोट, दुसरं बोट. टोकं दुखतात, पण गोड दुखतात.

आणि सरांनी धून दिली. कागदबिगद काही नाही. आत भांडी विसळता विसळता नुसते गुणगुणले. साधीच धून. हळूहळू वर चढते, वर गेल्यावर जरा थांबते, जिना चढून कुणी दम खावा तशी, आणि मग वेगळ्याच वाटेनं खाली येते. कुणाची, विचारलं. "आहे एक," म्हणाले. नळ बंद झाला होता तरी बराच वेळ बाहेर आले नाहीत.

घरी येईपर्यंत मनात तीच. रस्ता ओलांडला ते आठवत नाही.

शनिवार, २४ जानेवारी

स्वप्न पडलं. मी त्या खोलीत उभी आणि खोलीत पाणी भरलंय, पण कोमट, उजेडाचं. गज आपोआप चालतोय. मी धून वाजवते आहे, पूर्ण, आणि शेवटच्या सुरावर हात ठेवणार इतक्यात ह्यांनी हलवलं. "अगं, झोपेत हात काय हलवतेस? माझ्या नाकावर आलं बोट."

बुधवार, ११ फेब्रुवारी

काय लिहू!

आज दार सरांच्या मुलीनं उघडलं. परगावी असते, दोन दिवसांसाठी आलेली. सर खाली दूध आणायला गेले होते. मी पेटी ठेवली, म्हटलं, तुमच्या बाबांकडे शिकते. तिचा चेहराच बदलला. "व्हायोलिन? बाबांकडे?"

"हो. का?"

"अहो, बाबांनी आयुष्यात कधी व्हायोलिन हातात धरलेलं नाही. आई शिकवायची. आईची पाटी आहे ती." मग आवाज उतरला. "आई जाऊन दीड वर्ष झालं."

जिन्यात सरांची पावलं वाजली. मी पेटी उचलली आणि त्यांच्या शेजारून खाली उतरले. "अहो, आजचा धडा?" म्हणाले. मी मान वर केली नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

नुसता संताप. जुन्या वळणाचे म्हणे! पाया पक्का! आणि मी गावभर सांगितलं. तीन महिने एका स्वयंपाक करणाऱ्या माणसानं मला तारांवर झुलवलं आणि मी झुलले. ह्यांना सांगितलं. वाटलं, आता आयुष्यभर चिडवणार. चिडवलं नाही. तेच जास्त लागलं.

बुधवार, २५ फेब्रुवारी

संगीत विद्यालयात गेले. खरे शिक्षक, माझ्या लेकीच्या वयाचे. समोर भिंतभर आरसे. वाजवायला सांगितलं. मी मोकळ्या तारांवर गज फिरवला. ते पुढे वाकले. "मनगट अगदी बरोबर आहे. कान तर — किती वर्षं शिकताय? कुणाकडे?"

काय सांगू? म्हटलं, "घरीच. असंच."

त्यांनी चांगलं शिकवलं, खोटं का बोला. पण ते माझ्या बोटांकडे बघत होते, मी त्यांच्याकडे, दोघं मिळून आरशाकडे. आवाजाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बाहेर पडले तेव्हा धून आठवेना. बसस्टॉपवर उभी राहून शोधली. नाही सापडली. रडूच आलं.

बुधवार, ४ मार्च

गेले. लाँड्रीवरच्या जिन्यात थांबून थांबून गेले.

सरांनी दार उघडलं. आज हातात काही नव्हतं. म्हणाले, "मुलीनं सांगितलं तुम्हाला." मी म्हटलं, "तुम्ही का नाही सांगितलंत?"

मग बोलायला लागले, खिडकीकडे तोंड करून. "ती शिकवायची, मी स्वयंपाक करायचो. आमचं ठरलेलंच होतं तसं. माझ्या हातचं ती नावाजायची, तिच्या हातचं मी. खोलीत मला बंदी. मुलं बुजतात म्हणायची. मग काय, भिंतीपलीकडून तीस वर्षं ऐकलं. मनगट पडलं की सुराला सर्दी होते, कोपर अडकलं की तो लंगडतो. ती काय ओरडणार ते मला आधी कळायचं."

"मग पुढचे धडे?"

"पुढचं मला येतच नाही हो! मोठ्या मुलांना ती दार लावून शिकवायची."

मला हसू आलं. त्यांनाही आलं. मग ते म्हणाले, "पाटी काढायची होती. काढवत नव्हती. आणि तुम्ही त्या पाटीला विचारून वर आलात. घर इतकं गप्प पडलं होतं, बाई... नाही म्हणवलं नाही. चुकलंच माझं."

धून तिचीच. शेवटचा विद्यार्थी गेला की दिवा लावायच्या आधी स्वतःसाठी वाजवायची. ते म्हणाले, "एकदा सबंध ऐकायची आहे. अर्धीमुर्धी माझ्या डोक्यात वाजतच असते. सबंध नाही वाजत."

मी पेटी उघडली. म्हटलं, "जा आत. भाजी करपेल."

"टाकली कुठेय अजून!" म्हणाले, पण गेले.

रविवार, २२ मार्च

वर चढते ती. उतरताना हमखास पाय घसरतो, तिसऱ्या बोटावर. सकाळपासून तेच. ह्यांनी दार किलकिलं केलं. वाटलं, थांबव म्हणणार. म्हणाले, "ती वरून खाली येताना जी अडते ना — तिथे तू श्वास धरतेस." आणि वर्तमानपत्र घेऊन तिथेच बसले. ह्या माणसालाही भिंतीपलीकडून ऐकू येतं तर!

बुधवार, १ एप्रिल

श्वास सोडला तर उतरते. जवळजवळ. शेवटचे चार सूर राहिले. आतून सर म्हणाले, "पुढच्या वेळी नक्की." आवाज कसा होता! सणाच्या आदल्या दिवशी मुलांचा असतो तसा.

येताना संध्याकाळ निळी होत होती. सगळ्या खिडक्या अजून अंधाऱ्या. मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं आले. एखादी गोष्ट पूर्ण होणार आहे हे असं आधी कधी कळलं नव्हतं मला. चालत नव्हते, तरंगत होते. मला फार आनंद झालाय. हे लिहून ठेवते.

बुधवार, ८ एप्रिल

वाजली. सबंध. कुठेही न अडता, आतून एकदाही आवाज न येता. शेवटचा सूर अजून खोलीत होता आणि स्वयंपाकघरातून सरांची सहज, रोजच्यासारखी हाक आली —

"अगं, साखरेचा डबा कुठे ठेवलास?"

मग काहीच नाही. मला तर सर 'अहो' म्हणतात.

सर बाहेर आले. दाराची चौकट धरून उभे राहिले, माझ्याकडे न बघता. म्हणाले, "पुढच्या बुधवारी येऊ नका, बाई. तिचं वाजवणं थोडं विसरा. मग या."