रटाळ लदीन

ठाणे, २८ एप्रिल १८८६

लिओ! यंदा मे महिन्याची लदीन लिओ सांगणार! पाद्रींनी शाळेत येऊन मलाच सांगितलं, वर हसले. मिठागरावर टोपल्या वाहणारा लिओ!

बाबांची जागा ती. बाबा, म्हणजे पेद्रू मेस्त्री, क्रूसासमोर उभे राहून मरियेची नावं घ्यायचे, आणि दर नावामागून सगळा पाडा म्हणायचा 'ओरा प्रो नोबिस', आमच्यासाठी विनंती कर. मी तेव्हा वांद्र्याला शिकायला. परत आलो तर बाबा मातीत. मी त्यांना ऐकलंच नाही. पण गळा त्यांचाच मला आलाय— दुसऱ्या कोणाचा येणार? वर चढवावा, हळूच खाली आणावा, बायकांच्या डोळ्यांत पाणी यावं, असा. आणि लिओचा? विहिरीवरचा रहाट! पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत एकच सूर.

पाद्री म्हणे, "मास्तर, तू गातो. लिओ प्रार्थना करतो."

जळतोय मी. लिहायला काय लाज? इथे कोण वाचतंय!

२९ एप्रिल

जेवण गेलं नाही. आईने तापातही विचारलं, "काय झाला रं?" काही नाही म्हटलं.

३० एप्रिल

पाद्रींनी बोलावलं. पोर्तुगालहून येऊन वर्ष झालं तरी मराठीची बोंब, प्रवचनातले शब्द मीच पुरवतो. रविवारी लिओची स्तुती करायची आहे. त्यांच्या भाषेतला शब्द सांगितला, मग टेबलावर बोट ठोकलं— टक, टक, टक. असा आवाज, वर नाही, खाली नाही. याला काय म्हणतात?

एकसुरी. शब्द अगदी ओठांवर होता.

"रटाळ," मी म्हटलं.

"चांगला शब्द?"

"फार चांगला, पाद्री."

त्यांनी तो आपल्या लिपीत उतरवून घेतला, दोनदा म्हणून पाहिला. मी बाहेर येऊन हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो.

२ मे, रविवार

पाद्री दोन्ही हात पसरून म्हणाले, "लिओ रटाळ आहे! देवाला रटाळ आवडतो! तुम्ही सगळे रटाळ व्हा!"

अख्खं चर्च हसून कोसळायचं बाकी! म्हाताऱ्यांनी तोंडाला पदर लावले. पाद्रींना वाटलं, लोक खूश झाले. तेही हसले, आणि पुन्हा एकदा म्हणाले!

लिओ मान खाली घालून बसला होता. कान लाल. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

४ मे

पोरं त्याला 'रटाळ' म्हणूनच हाक मारतात. संध्याकाळी दारात आला.

"मास्तर, रटाल म्हंजे काय रं?"

"एका सुरात म्हणणारा."

"मंग लोक हसतान कशाला?"

मी म्हटलं, लोकांना काय कळतं! त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "आता लदीन तूच सांग. मना नाय जमायचा."

मिळाली! बाबांची जागा मिळाली!

५ मे

माझी पहिली लदीन. काय गळा लागला! पण पाचव्या-सहाव्या नावानंतर लोक गप्प. मी सूर वर नेला की त्यांना पकडता येईना, कुठे उत्तर द्यायचं ते कळेना. शेवटी मी एकटाच. अडाणी लेकाचे!

घर क्रूसाला लागूनच. आईला सगळं ऐकू गेलं असणार.

९ मे

काल लदिनीला सातजण. लिओच्या पहिल्या तीन दिवसांत अंगण भरायचं म्हणे. मरू दे त्याला!

११ मे

वैद्य हात झटकून गेला. आईच्या उशाशी मी लदीन सुरू केली. जीव ओतून. तिने हात वर केला.

"तू गाना बोलतस, पोरा. मना गाना नको. त्या रटाल लिओला बोलव."

रटाल! माझाच शब्द, आणि किती मायेने घेतला तिने! मी उठून बाहेर गेलो. माझी स्वतःची आई! तिलाही तोच हवा!

१२ मे

गेलो मिठागरावर. खरं काय ते सांगितलं— शब्द मी दिला, मुद्दाम दिला. लिओ बराच वेळ मीठच ओढत राहिला. मग पाय धुतले. "आयला ताटकलत ठेवू नको, चल," म्हणाला.

१३ मे

आई गेली.

काल लिओ उशाशी बसला आणि म्हणू लागला. तोच सूर, न वर न खाली. दारातले लोक आपोआप उत्तर देऊ लागले. चार नावं झाली असतील. आईचे ओठ हलले. डोळे न उघडताच तिने विचारलं,

"पेद्रू, आलास रं?"

लिओ थांबला नाही. मीही म्हटलं, ओरा प्रो नोबिस.