काश्परने कात टाकली

प्रिय ब्लांका,

काश्पर जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर माझं अक्षर बघूनच तू भलतंच काही समजशील. तुझा तो लाल गुडघ्यांचा कोळी ठणठणीत आहे, आम्हा दोघांपेक्षा देखणा दिसतोय.

"हे घर की ते किडे" असं तुझे बाबा ओरडले आणि तू बॅग भरून फिनलंडला निघून गेलीस, त्याला आता दीड वर्ष होईल. काश्परला न्यायला येईन, एवढंच म्हणाली होतीस. तेव्हापासून ह्या माणसाने त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलंय. त्याला खायला लागतात म्हणून झुरळंसुद्धा पाळलीत, आणि तीही माझ्या काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी. गाजरं आधी त्यांना, उरली तर सूपमध्ये. मी काही बोलले की म्हणतात, "तुला काय कळतंय त्यातलं?" जसं काही जन्मापासून झुरळंच राखत आलेत.

आणि परवा सकाळी काश्पर उताणा पडलेला. पाय वर, हालचाल नाही. तुझे बाबा पांढरेफटक पडले. "आता कशाला येतेय ती परत," एवढंच बोलले आणि सफरचंदाच्या झाडाखाली गोठलेली माती कुदळीने उकरायला लागले. मला त्या कोळ्याचं मेलं काही नव्हतं, पण ह्यांच्याकडे बघवेना. म्हणून तुला काश्पर देणाऱ्या वाव्रांना फोन केला. ते फोनवरच ओरडले, "हात लावू नका त्याला! उताणा पडलाय म्हणजे कात टाकतोय. मेला असता तर पालथाच, पाय पोटाशी आवळून."

हे कुदळ टाकून आत धावले आणि दुपारपर्यंत काचेच्या पेटीपुढे बसून राहिले. मला भांडीही घासू देईनात, म्हणे हादरे बसतील. जुन्या कातेतून ओलाचिंब, नवाकोरा काश्पर बाहेर आला तेव्हा ह्यांनी माझ्यादेखत डोळे पुसले. मलाही बाई हायसं वाटलं.

संध्याकाळी वाव्रा आले. कातेवरून नर की मादी ते कळतं म्हणे; त्यांनी ती साबणाच्या पाण्यात भिजवली, पोटाकडचा भाग उलगडून भिंगाखाली धरला आणि हसत सुटले. "अहो बोहुमिल, ही तर बाई निघाली. नर असता तर वयात आल्यावर वर्षा-दोन वर्षांत आटोपला असता. ही अजून पंधरा वर्षं तरी तुमच्या डोक्यावर बसणार."

तुझे बाबा खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "चला, म्हणजे ब्लांकाला यायला भरपूर वेळ आहे."

वाव्रा हसले, मीही हसले. पण रात्रभर तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. वेळ कोळिणीकडे आहे गं. हे चौऱ्याहत्तरचे झालेत. स्वतःहून ये म्हणणार नाहीत, तू ओळखतेसच त्यांना. म्हणून त्यांना न सांगता मी लिहितेय. ईस्टरला ये. तिला न्यायला नको, ह्यांना भेटायला ये.

वाट बघतेय.

तुझीच,
आई